न्हाणीतला हीटर बदलताना



दिवाळी सरली की महाड-पोलादपुरात पहाटेचा गारठा सुरू होतो. महाबळेश्वरची थंडी आपल्याकडे नाही हे खरे, पण आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत राहणाऱ्याला विचारा. एम.आय.डी.सी.त सकाळच्या पाळीला जाणारा, शाळेची मुले, घरात बाळंतीण आणि म्हातारी माणसे, सगळ्यांना गरम पाणी हवे असते. २५ डिसेंबरला महाडला येणारे पाहुणे मुक्कामी असले तर न्हाणीसमोर रांगच लागते. याच दिवसांत जुना रॉड जळतो, नाहीतर गिझर गळू लागतो, आणि घाईघाईत मिळेल ते आणून बसवले जाते. म्हणून यंदा आरोग्याच्या पानावर हाच विषय घेत आहोत.

बौद्धवाडीत आम्ही बैठका घेतो तेव्हा बहुतेक घरांत पाणी तापवायचा रॉडच दिसतो. स्वस्त, हलका, कुठेही लावता येतो. पण त्याच्याइतकी धोक्याची वस्तू घरात दुसरी नाही. रॉडवरचे आवरण तडकले की वीज सरळ पाण्यात उतरते. ओल्या अंगातून वीज कोरड्या अंगापेक्षा कितीतरी सहज जाते, त्यात पाय ओल्या फरशीवर. पाणी तापले का हे बोट बुडवून बघायची सवय आजपासून बंद करा. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि नंतरच पाण्याला हात. बादली लोखंडाची किंवा पितळेची नको. रॉडला पांढरे डाग, भेग, वायरला चिकटपट्टी दिसली तर दुरुस्त करत बसू नका, भंगारात द्या. नवा घेताना आय.एस.आय. खूण आणि तीन पिनांचा प्लग पाहूनच घ्या. ज्या घरात रांगते मूल आहे तिथे रॉड नकोच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खर्चाचा हिशेब करून पाहू. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला जवळपास अर्धे युनिट वीज लागते. रॉड असो की विजेचा गिझर, यात मोठा फरक पडत नाही. आपल्या बिलावरचा दर बघून गुणाकार करा. तेच पाणी गॅसच्या शेगडीवर तापवले तर साधारण ६० ते ७० ग्रॅम गॅस जातो. पाच माणसांच्या पाच बादल्या धरल्या तर १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या आंघोळीत दीड महिन्याच्या आत संपेल. चुलीवरचा हंडा फुकटात पडतो असे वाटते, पण लाकूडफाटा आणणारीचे डोके आणि धुरात बसणारीची छाती कोणी हिशेबात धरत नाही. तांब्याचा बंब असेल तर तो अंगणातच पेटवा, न्हाणीत नको.

विजेचा गिझर घ्यायचा तर आधी घराची वायरिंग बघा, मग दुकानात जा. साठवणीचा गिझर बहुधा २००० वॅटचा, म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास. तीन लिटरचा झटपट गिझर ३००० वॅटचा, म्हणजे १३ अँपिअर. दिव्या-पंख्याचा प्लग ५-६ अँपिअरचा असतो, त्यावर गिझर लावला तर प्लग वितळणारच. त्याला वेगळी जाड वायर आणि पॉवर प्लग हवा. त्याहून महत्त्वाचे अर्थिंग. घरकुलांत प्लगला तिसरे भोक असते, पण त्यामागे वायरच नसते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. वायरमनकडून तपासून घ्या. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवा, काही वायरमन त्याला ई.एल.सी.बी. म्हणतात. एम.सी.बी. आहे ना, मग हे कशाला, असे कोणी म्हणेल. एम.सी.बी. वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या विजेने तो पडत नाही. आर.सी.सी.बी. पडतो. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा.

जुना गिझर बदलायचा की दुरुस्त करायचा? कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला असेल तर तो बदलून काम भागते. टाकीच गंजून गळत असेल तर पैसे घालू नका. बाजूचा प्रेशर व्हॉल्व्ह थेंब टाकतो म्हणून काही जण तो बंद करून टाकतात. असे कधीही करू नका. आतला दाब बाहेर पडायची ती वाट आहे, ती बुजली तर टाकी फुटते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. पुढच्या पावसासाठी हे लक्षात ठेवा: पाण्यात बुडालेला गिझर, प्लग किंवा रॉड उन्हात वाळवून पुन्हा लावू नये. आवरणातला फोम आणि थर्मोस्टॅटमधला गाळ बाहेरून दिसत नाही. चिखल काढायला घरात शिरण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, आणि तो पाण्यात असेल तर त्याला हात न लावता महावितरणला कळवा.

आता गॅस गिझर. वीजबिल कमी येते म्हणून शहरात आणि आता आपल्याकडेही तो बसवू लागले आहेत. बंद जागेत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने धरून ठेवते, म्हणून श्वास चालू असताना माणूस आतून गुदमरतो. आपली न्हाणी चार बाय चार फुटांची, थंडी म्हणून जाळीलाही गोणपाट लावलेले. एकामागून एक माणसे आंघोळ करतात आणि वायू साठत जातो. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त वेळ आत असते ती घरातली बाई. डोक्यावरून न्हायचे असते, कपडे धुवायचे असतात. तिला डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, कोणी म्हणते बाहेरचे लागले. बाहेरचे काही नाही, भिंतीवरच्या डब्यातून आलेले आहे.

म्हणून गॅस गिझर न्हाणीच्या आत बसवायचाच नाही. यात तडजोड नको. गिझर आणि सिलिंडर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. तसे करणे जमत नसेल तर विजेचा घ्या. जागा भाड्याची असेल आणि मालकाने आत बसवून दिला असेल, तर तो बाहेर काढून मागा. तोवर आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा, दार उघडे ठेवून हवा खेळू द्यायची आणि मगच आत जायचे. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेकासाठी निखाऱ्याची शेगडी ठेवतात, तिथेही हाच वायू बनतो. तान्ह्या बाळासह तिथे झोपणे म्हणजे जिवाशी खेळ.

आत कोणी बेशुद्ध पडले तर दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. कोरोनापासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत त्यावर विश्वास ठेवू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तालाच ऑक्सिजनचे रक्त समजते आणि ९८ दाखवते, इकडे माणूस मरणाच्या दारात असतो. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला तरी दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा: बंद न्हाणीत गॅस गिझर चालू होता.