काडतुसाचे गणित

राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरातून परतलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने तासाला उभे राहून विचारले, "सर, शिबिरात आम्हांला पॉइंट बावीसची गोळी देतात. ती एवढीशी! पॉइंट तीनशे तीनची गोळी तिच्यापेक्षा चांगली नव्हे काय?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्याजोगा नव्हता. 'चांगली' म्हणजे कशासाठी चांगली, हे ठरविल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. त्याचाच थोडा विचार येथे करावा असे योजिले आहे.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्याचे भाग चार : पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा मसाला, आत दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. घोडा दाबताच मसाला पेटतो, दारूचा क्षणात वायू होतो आणि त्याच्या दाबाने गोळी पुढे ढकलली जाते. बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते. फिरणारा भोवरा जसा सहसा कलंडत नाही, तशीच फिरणारी गोळी हवेत कोलांट्या खात नाही.

आता गणित. पॉइंट बावीसच्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम व वेग सेकंदास सुमारे ३३० मीटर. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायांनी वापरलेल्या पॉइंट तीनशे तीनच्या गोळीचे वजन ११.३ ग्रॅम व वेग सुमारे ७४४ मीटर. वजन चौपटीहून काहीसे अधिक, वेग सव्वादोनपट. पण गतिज ऊर्जा काढताना वेगाचा वर्ग करावा लागतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. म्हणून लहान गोळीची ऊर्जा सुमारे १४० जूल, तर मोठीची ३,१०० जूलांच्या वर, म्हणजे जवळजवळ बावीसपट भरते. ह्याच काडतुसाची आधीची गोळी १३.९ ग्रॅम वजनाची व बोथट नाकाची होती आणि तिचा वेग सुमारे ६३० मीटर होता. १९१० साली तिच्या जागी हलकी, टोकदार गोळी आली. वजन घटले, तरी वेग वाढल्यामुळे ऊर्जा वाढली.

परंतु गोळी कितीही वेगवान असो, नळीतून सुटताक्षणी ती पडू लागते. हातातून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. गोळीलाही निराळा नियम नाही. पॉइंट बावीसच्या गोळीस ५० मीटर जाण्यास सुमारे ०.१६ सेकंद लागतो. तेवढ्यात ती साधारण बारा सेंटिमीटर खाली येते. पॉइंट तीनशे तीनची गोळी ३०० मीटर जाईपर्यंत सुमारे अर्धा सेकंद जातो आणि ती एक मीटरहून अधिक खाली येते. म्हणून नेम धरताना नळीचे तोंड किंचित वर ठेवावे लागते. त्यातच हवा गोळीस अडविते आणि आडवा वारा तिला बाजूस ढकलितो. कापसाचा बोळा व तेवढाच खडा फेकून पाहा. दूर कोणता जातो ते सांगावयास नको. लांबच्या नेमासाठी गोळी लांबट, टोकदार आणि जाडीच्या मानाने जड करितात, ती ह्याच कारणाने.

शिकारीची गरज अगदी वेगळी. तेथे अंतर बहुधा थोडे असे. परंतु जखमी जनावर तडफडत रानात पळून जाऊ नये, त्यास तत्काळ मरण यावे, ही शिकाऱ्याची जबाबदारी असे. म्हणून टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, लागताच पसरणारी गोळी शिकारी घेत. कलकत्त्याजवळील दमदम येथे अशीच गोळी सैन्यासाठी बनविली गेली, आणि १८९९ मध्ये हेग येथील परिषदेने युद्धात ती निषिद्ध ठरविली. जनावराच्या बाबतीत जी दया, तीच माणसाच्या बाबतीत क्रौर्य ठरली! पुढे भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा अध्यायच संपविला. नरभक्षक वाघांचा प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट ह्यानेही उत्तर आयुष्यात बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक जवळ केला होता.

मग ती 'एवढीशी' गोळी कशासाठी चांगली? १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्याने ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, ते पॉइंट बावीसच्याच गोळीने. त्या निशाणावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद असते. शर्टाची गुंडीही त्याहून थोडी मोठी भरेल. ह्या स्पर्धेची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून किंचित मंद ठेवितात, कारण तो वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळते. तेथे बळाची आवश्यकता नाही. प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच जावी, एवढेच पुरे. बाकी सर्व श्वासावरचा ताबा, वाऱ्याकडे लक्ष आणि वर्षानुवर्षांचा सराव.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यास उत्तर असे : जी गोळी आपल्या कामास पुरते आणि त्याहून अधिक नाश करीत नाही, ती चांगली. मात्र लहान म्हणून तिला खेळणे समजू नये. पॉइंट बावीसची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या गावात चुकून सुटलेली एक गोळी कोणाच्या अंगणात उतरेल हे कोणी सांगावे? म्हणून बंदूक भरलेली असो वा रिकामी, तिचे तोंड माणसाकडे कधीही वळवू नये. लग्नाच्या वरातीत हर्षाने आकाशात गोळ्या झाडणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे की, वर गेलेली गोळी खाली येतेच. पालकांनी हे मुलांना घरीही समजावून सांगावे.

पवित्र शास्त्रात दाविदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे निवडून घेतल्याची कथा आहे. गुळगुळीत गोटा हवेत सरळ जातो, हे त्या मेंढपाळ मुलास ठाऊक होते. पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की, त्याने पाच निवडले आणि एकच वापरला. गोफणीतून सुटलेला दगड आणि नळीतून सुटलेली गोळी परत बोलाविता येत नाही. तोंडातून निघालेल्या शब्दाचेही तसेच आहे. सुटण्यापूर्वीचा क्षण तेवढा आपल्या हाती असतो. त्या क्षणी विचार करण्याची सवय विद्यार्थ्यांस लागली, तर एका प्रश्नावर घालविलेला तो तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.