चाळिशीपल्याडची ओटी

पोरी, बाईचे विधी जरा मोजून बघ. न्हाण आलं, ओटी भरली. लग्न झालं, पाच वर्षं मंगळागौर पुजली. मग डोहाळजेवण, बारसं. त्यानंतर काय? पाळी जाते, लेक सासरी जाते, घरात सून येते, एखादीचा नवरा जातो. एवढं सगळं पालटतं, पण तिच्या नावाचा पाट कुणी मांडत नाही. तो आपणच मांडायचा. नवा देव आणायला नको, घरात आहे त्यातलंच जरा वळवून घ्यायचं.

लेकीच्या लग्नातली झाल घाईत उरकू देऊ नको. गाडीवाला हॉर्न वाजवत असतो, फोटोवाला जेवायला बसलेला असतो. वाजवू दे. वेळूच्या दुरडीत दिवे लावून ती सासरच्या एकेकाच्या डोक्यावर धरतात आणि लेक सोपवतात, तो विधी आईचाच आहे. तिथं पोटभर रडून घे. तेव्हा आवरून धरलेली बाई पुढं वर्षभर लेकीच्या कपाटाशी घुटमळत राहते.

सून आली की सूनमुखाला आरशात तुम्ही दोघी दिसता. त्याच दिवशी एखादी किल्ली तिच्या हातात ठेव, कोठीची असली तरी चालेल. दिली की परत मागायची नाही. हे साडी देण्यापेक्षा कठीण, म्हणून तर सगळ्या साडीवर भागवतात.

आता पाळीचं. बारा महिने आली नाही की गेली असं धर, आणि लपवून ठेवू नको. आपल्या वयाच्या चार-पाच जणींना संध्याकाळी बोलाव. खण, तांदूळ, नारळ, एवढंच. सगळ्यात म्हातारी असेल तिनं तुझी ओटी भरावी. मग चहा ठेव आणि बोला. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, उगाच चिडचिड होते, हे एकीनं सांगितलं की बाकीच्यांची तोंडं उघडतात. पुरुषांना त्या दिवशी बाजाराला पाठव, ते खुशीनं जातील. पण बारा महिन्यांनंतर पुन्हा रक्त दिसलं तर ओटी राहू दे बाजूला, सरळ आदिलाबादला रिम्स दवाखान्यात जाऊन दाखव. त्यात उपास-नवस करत बसू नको.

भाद्रपद अमावस्येपासून नऊ दिवस तेलुगू शेजारणी फुलांची बतुकम्मा मांडून तिच्याभोवती फेर धरतात. हाक आली की जा. तेलुगू येत नाही म्हणून अडत नाही, टाळ्या येतात ना? तरवड, कुरडू, झेंडू, सगळी बांधावरची फुलं. आपल्या गल्लीत तरी त्या फेरात वय कुणी विचारत नाही.

केसलापूरची नागोबाची जत्रा तू पाहिलीस. पुष्य अमावस्येला मेसराम घराण्यातल्या नव्या सुनांची देवाशी भेट करवतात, मगच त्यांना कुळाच्या पूजेत धरतात. तो मान गोंडांचा, आपण उचलायचा नाही. एवढं मात्र बघून ठेव, की तिथं बाईचं पालटणं सगळ्या कुळासमोर होतं. म्हणून तू काहीही कर, एकटी देवघरात बसून करू नको. साक्षीला चार बाया हव्यातच.

राहिली नवरा गेलेली बाई. कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या गावांनाही तसंच करायला सांगितलं. पेनगंगेच्या अलीकडं, आपल्या तेलंगणात, तो कागद चालत नसेल, पण तुझ्या ओसरीवर तुझाच हुकूम चालतो. तिला दाराशी उभी करून नुसतं वाण देणं हा मान नव्हे. तिला पाटावर बसव, कुंकू हवं का ते तिलाच विचार, आणि नको म्हणाली तर आग्रह करू नको.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू होतं. या साली पहिलं बोलावणं तिच्याकडे धाड.