घरचा कचरा आणि घरचे आरोग्य

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शहरांनी लागोपाठ तीन वर्षे एक मान मिळवला. केंद्र शासनाच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये २०२० साली कराड देशात पहिले आले, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी. कराड ही कृष्णा-कोयनेच्या संगमावरची बाजारपेठ, विटा हे कमी पावसाच्या भागातील गलाई व्यावसायिकांचे गाव, तर पाचगणी म्हणजे थंड हवेचे आणि शाळांचे ठिकाण. तिन्ही गावांची हवा, पाणी आणि व्यवसाय निराळे आहेत. तरीही तिघांना हे साधले, याचा अर्थ लहान गावाला स्वच्छता परवडत नाही हे म्हणणे खरे नाही.

या सर्वेक्षणात गुण देताना केवळ रस्ते झाडलेले आहेत की नाहीत एवढेच पाहत नाहीत. घरोघरचा कचरा नियमित गोळा होतो का, नागरिक तो वेगवेगळा करून देतात का आणि पुढे त्यावर प्रक्रिया होते का, हेही तपासले जाते. यापैकी पहिली आणि तिसरी गोष्ट नगरपालिकेच्या हातातील आहे. मधली गोष्ट मात्र आपल्या स्वयंपाकघरात घडते किंवा बिघडते. आरोग्याच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे, म्हणून आज तिचा विचार करू.

कचऱ्याची घाण कशी होते?

मेथीची देठे, कांद्याची साले, चहाचा चोथा या वस्तूंत मुळात घाण असे काही नाही. त्या मातीत गेल्या तर त्यांचे खत होते. वर्तमानपत्राची रद्दी, तेलाचा रिकामा डबा, काचेची बाटली यांनाही घाण म्हणता येत नाही, कारण भंगारवाला त्यांचे पैसे देतो. पण हे सर्व एकाच बादलीत पडले की कागद भिजतो, त्याची रद्दी होत नाही. देठांत प्लास्टिकचे तुकडे मिसळले की त्यांचे चांगले खत होत नाही. बादलीला दुसऱ्या दिवशी वास सुटतो. म्हणजे दोन उपयोगी वस्तू एकत्र करून आपण एक निरुपयोगी आणि रोगट वस्तू तयार करतो.

मिसळलेले पुन्हा वेगळे करणे किती कष्टाचे असते, हे विट्याच्या गलाई व्यावसायिकांना विचारावे. सोन्यातील हीण काढण्यासाठी भट्टी आणि कसब लागते. तेथे हाती सोने येते म्हणून ते कष्ट परवडतात. कचऱ्यात असे कष्ट कोण करणार? तो मिसळू न देणे हाच स्वस्त मार्ग आहे.

आपल्याकडील लहान शहरांत दर माणशी रोज साधारण पाव ते अर्धा किलो कचरा निघतो. पाव किलो धरला तरी पाच माणसांच्या घरातून रोज सव्वा किलो आणि वर्षाला साडेचार क्विंटल होतो. यातील निम्म्याच्या आसपास ओला असतो. तेवढाच घरी जिरवला तर गावाबाहेरच्या ढिगाऱ्यावर आपल्या घरातून दोन क्विंटल कमी जाईल.

माशी, डास आणि उंदीर

घरमाशीची मादी एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. ओला, कुजणारा कचरा ही तिची आवडती जागा. उन्हाळ्याच्या दिवसांत अंड्यापासून नवी माशी तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. घाणीवर बसलेली माशी पुढच्या क्षणी आपल्या भाकरीवर बसते आणि पायांबरोबर हगवण, अतिसार, विषमज्वर यांचे जंतू आणते. ओला कचरा रोज घराबाहेर गेला किंवा खताच्या भांड्यात कोरड्या थराखाली झाकला गेला, तर माशीची पैदास तेथेच थांबते.

डेंगी आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास याच्या उलट स्वभावाचा आहे. त्याला गटाराचे पाणी नको, स्वच्छ साठलेले पाणी हवे. नारळाची करवंटी, फुटका माठ, जुना टायर, आडोशाला टाकलेला डबा यांत पावसाचे चार घोट पाणी साठले तरी त्याला पुरते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, असे आरोग्य खाते सांगते. त्या दिवशी भांडी नुसती पालथी करून भागत नाही, आतून घासावी लागतात. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी नसतानाही कित्येक महिने जिवंत राहतात.

तिसरा पाहुणा उंदीर. शिळे अन्न उघड्यावर पडले की उंदीर-घुशी येतात. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णाकाठच्या लोकांनी भिजलेल्या गाद्या, धान्य आणि गाळ यांचे ढीग पाहिले आहेत. महापूर नदीने आणला हे खरे. परंतु दर पावसाळ्यात गल्लीतील गटार तुंबते, ते बहुतेक वेळा आपणच टाकलेल्या पिशव्यांमुळे.

बंबातील प्लास्टिक

आपल्या भागात अनेक घरी अजून अंघोळीचे पाणी बंबावर किंवा चुलीवर तापते. चिपाडे आणि काटक्यांबरोबर दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, जुन्या चपलाही आत जातात. कचराही गेला आणि पाणीही तापले, असा दुहेरी फायदा वाटतो. आरोग्याचे सर्वात मोठे नुकसान येथे होते.

प्लास्टिक अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि अनेक विषारी वायू निघतात. पीव्हीसी जातीच्या प्लास्टिकमधून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन ही द्रव्ये तयार होतात. डायॉक्सिन शरीरातील चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते आणि त्याचा संबंध कर्करोगाशी आहे. धुराचा पहिला मारा बंबाजवळ बसणाऱ्या बाईवर आणि पाण्याची वाट पाहणाऱ्या मुलांवर होतो. घरात दमेकरी, गरोदर स्त्री किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर धोका अधिकच. सकाळच्या थंड हवेत धूर वर जात नाही, गल्लीतच रेंगाळतो.

बंबात फक्त लाकूड, चिपाडे, शेणकूट घालावे. परसात किंवा रस्त्याच्या कडेला कचरा पेटवणे तर कायद्यानेही गुन्ह्यासारखेच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या प्रकाराला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरण्याचा आदेश दिला.

घरात चार भाग करावेत

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी प्रत्येक घराला सांगितली. सोयीसाठी आपण चार भाग करू.

१) ओला : भाजीपाल्याचा कचरा, फळांची साले, चहाचा चोथा, उरलेले अन्न, निर्माल्यातील फुले.

२) सुका : कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, पत्रा, कापड. दुधाची पिशवी विसळून, वाळवून ठेवावी. पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, तो चिटुकला तुकडा हमखास गटारात जातो. यासाठी कोपऱ्यात एक पोते टांगले की पुरते. ते आठ-पंधरा दिवसांनी भरते.

३) स्वच्छताविषयक : सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, जखमेच्या पट्ट्या. हे जुन्या कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यावे.

४) घातक : सुया, ब्लेड, मुदत संपलेली औषधे, सेल, ट्यूबलाइट, कीटकनाशकांचे डबे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फुटू न देता पुठ्ठ्यात ठेवावी. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी किंवा धान्य कधीही भरू नये.

इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावावे आणि बाटलीवर ‘सुया’ असे लिहावे. मोकळी टाकलेली सुई घंटागाडीवरच्या माणसाच्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात शिरते. हिपॅटायटीस बी सारखी कावीळ, एचआयव्ही, धनुर्वात असे आजार एवढ्याशा टोचण्यातून होऊ शकतात. फुटलेली काचही कागदात बांधून, सांगून द्यावी. आपल्या घरचा कचरा शेवटी कोणाच्या तरी हातातून जातो.

उकिरड्याचा पांग दोन-तीन महिन्यांत

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपल्याकडे म्हणतात. घरच्या ओल्या कचऱ्याचा पांग मात्र दोन-तीन महिन्यांत फिटतो. परस नसले तरी चालते, गॅलरी किंवा गच्चीचा कोपरा पुरे.

साधारण वीस लिटरची जुनी बादली किंवा मातीचा माठ घ्यावा. तळाला आणि कडेला बारीक भोके पाडावीत. भांडे दोन विटांवर ठेवून खाली ताटली ठेवावी. तळाशी तीन-चार बोटे जाडीचा नारळाच्या शेंड्यांचा, सुक्या पाल्याचा किंवा उसाच्या पाचटाचा थर द्यावा. वर मूठभर जुने शेणखत किंवा बागेतील माती टाकावी. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून घालावा आणि त्यावर तेवढाच किंवा दुप्पट सुका पाला, लाकडाचा भुसा अथवा फाडलेला कागद पसरावा. तोंडाला गोणपाट बांधावे. आठवड्यातून एक-दोनदा काठीने वर-खाली करावे.

ओल किती हवी, याची परीक्षा सोपी आहे. मूठभर मिश्रण दाबून पाहावे. हात ओलसर झाला पण पाणी ठिबकले नाही, तर बरोबर. पाणी ठिबकले किंवा वास आला तर ओल जास्त आहे आणि हवा कमी पडते, सुका पाला वाढवावा. काहीच कुजत नसेल तर पाणी शिंपडावे. चिलटे झाली तर वरचा कोरडा थर जाड करावा. हाडे, मासळी, तळणाचे तेल यात घालू नये, उंदीर येतात. आजारी माणसाच्या पट्ट्या, डायपर, कुत्र्याची विष्ठा तर मुळीच नको, कारण लहान भांड्यात जंतू मरण्याइतकी उष्णता होत नाही. भांडे भरले की झाकून बाजूला ठेवावे आणि दुसरे सुरू करावे. खत काळसर होऊन पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येऊ लागला की ते तयार झाले. हे काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

मुळात कमी करावा

आपल्या आज्यांच्या घरात टाकण्यासारखे फारसे काही उरत नसे. जुन्या लुगड्यांची वाकळ होई, चुलीची राख भांडी घासायला जाई, जेवण पत्रावळीवर होई आणि पत्रावळ उकिरड्यात. तो काळ जसाच्या तसा परत येणार नाही. पण बाजाराला जाताना कापडी पिशवी, वाण्याकडे बरणी, लग्नकार्यात स्टीलचे पेले एवढे जमण्यासारखे आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि जुलै २०२२ मध्ये एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. आपण मागितली नाही तर भाजीवाली पिशवी देणार नाही.

सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तेव्हा मंत्री-अधिकाऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांच्या हाती झाडू आला. घरच्या कचऱ्याचेही तसेच व्हावे. दोन बादल्या सांभाळणे हे एकट्या सासू-सुनेचे काम मानले, तर ते आठ दिवसांत बंद पडते. मुलांकडे रद्दी-बाटल्यांचे पोते आणि पुरुषांकडे खताचे भांडे सोपवावे.

लक्षात ठेवावे : ओले आणि सुके एकत्र करू नये. ओला कचरा घरात दोन दिवस राहू देऊ नये. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. प्लास्टिक बंबात घालू नये. सुई मोकळी टाकू नये. घरात कोणाला दोन दिवसांहून अधिक ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगावर लाल पुरळ असेल, तर मनानेच गोळ्या घेऊ नयेत. डेंगीत अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अशा वेळी त्वरित डॉक्टरांना दाखवावे आणि त्याच दिवशी घरामागचे डबे, करवंट्याही पाहाव्यात.