ध्यानाला बसल्यावर मन पळते, त्याचे काय करावे?



आपल्या पत्रकात बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, माती परीक्षण असे विषय नेहमी येतात. या वेळी जरा निराळा विषय घेतला आहे. गेल्या काही महिन्यांत गावातल्या पाच-सहा जणांनी मला एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारली. एक जण म्हणाला, "आबा, तुम्ही सांगितलं म्हणून बसलो, पण डोळं मिटलं की सोसायटीचं कर्जच दिसतंय." दुसरा म्हणाला, "मला तर पाच मिनिटांत डुलकी लागती." एका काकूंनी विचारले, "पायाला मुंग्या येत्यात, काय बिघडायचं न्हाई न्हवं?" आणि प्रत्येकाचे शेवटचे वाक्य ठरलेले : "आमास्नी काय हे जमायचं न्हाई."

त्या शेवटच्या वाक्यासाठीच हा लेख लिहिला आहे. मन पळणे, झोप येणे, पाय दुखणे हे ध्यानाला बसणाऱ्या प्रत्येकाला होते. ते ओळखून पुन्हा जागेवर यायचे, हाच सगळा अभ्यास आहे.

मी बसायला का लागलो?

मी कोणी गुरू नाही. तीन एकर आडसाली आणि दीड एकर खोडवा असलेला तुमच्यासारखाच एक सभासद. आठ वर्षांपूर्वीच्या हंगामात माझी तोड लांबली. उसाला तुरा आला, दशी पडली, वजन घटले. घरात मुलीचे लग्न ठरलेले. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. अशातच एके दिवशी विहिरीच्या पाळीवरून धाकट्या भावाशी बोलाचाली झाली आणि मी त्याच्या अंगावर खोरे उगारले. भावजय मध्ये पडली म्हणून अनर्थ टळला. त्या रात्री मला माझीच भीती वाटली.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आणि मनाकडेही लक्ष द्या म्हणून सांगितले. पुढे एका पाहुण्यांच्या सांगण्यावरून मी नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोयंका यांनी ही पद्धत १९६९ साली भारतात परत आणली आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. गोयंका २०१३ साली वारले, पण शिबिरे आजही चालू आहेत. फी नाही, शिबिर पूर्ण केलेला माणूस आपल्या इच्छेने दान देतो. पहाटे चारला उठायचे, बोलायचे नाही, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून सगळ्या शरीरावरच्या संवेदना बघायला शिकवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारीच मी पिशवी भरली होती, हे कबूल करतो. गुडघे ठणकत होते आणि डोक्यात उसाचे वजन फिरत होते. तिथल्या आचार्यांनी माझे ऐकून घेतले आणि संध्याकाळपर्यंत थांबून बघा एवढेच म्हणाले. थांबलो. संध्याकाळी पुन्हा उद्यापर्यंत थांबलो. असे करत दहा दिवस निघाले.

घरी बसण्याची साधी रीत

शिबिराला जाणे सगळ्यांना जमेलच असे नाही. श्वास बघण्याचा अभ्यास घरीही सुरू करता येतो. पहाटे किंवा दिवेलागणीनंतर, पोट फार भरलेले नसताना पंधरा मिनिटे बसावे. घोंगडीची घडी घालून बसावे. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर बसले तरी चालते. पाठ ताठ, पण अंग आवळलेले नको. डोळे मिटावेत आणि नाकपुडीशी श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढे बघावे. श्वास लांब असो, आखूड असो, आहे तसा राहू द्यावा. हा प्राणायाम नव्हे. श्वासाला आपण काही करायचे नाही.

आता एकेक अडचण घेऊ.

१. मन सारखे पळते

रात्रीच्या लाइटीवर दारं धरणाऱ्याला हे सांगायला नको. पाणी सरीत चाललेले असते, तेवढ्यात उंदराचे बीळ लागते, वरंबा फुटतो आणि पाणी भलतीकडे जाते. आपण पाण्याला शिव्या देत बसत नाही. खोऱ्याने माती ओढतो, फूट बुजवतो, पाणी सरीला लावतो. रात्रीत दहा वेळा फुटले तर दहा वेळा. 'मला दारं धरता येत नाही' म्हणून मोटार बंद करून कोणी घरी जात नाही.

मनाचे तसेच करावे. मन सोसायटीत गेले असे कळले की 'गेले होते' एवढे मनाशी म्हणून श्वासावर यावे. गेल्याचे कळले तो क्षणच कामाचा. पंधरा मिनिटांत पन्नास वेळा आणावे लागले तर पन्नास वेळा काम झाले असे समजावे.

कर्जाची काळजी खरी असते, ती खोटी म्हणून हाकलू नये. तिला वेगळी वेळ द्यावी. बसण्याआधी कागदावर लिहावे : कोणाचे किती, कधी द्यायचे, उद्या कोणाला भेटायचे. कागद घडी घालून बाजूला ठेवावा. मग बसल्यावर तोच विचार आला की 'कागदावर आहे' म्हणून परत फिरता येते.

२. झोप येते

दिवसभर राबलेल्या माणसाला डोळे मिटल्यावर झोप येणारच. बुद्धाचे पट्टशिष्य मोग्गल्लान यांनाही ध्यानाला बसल्यावर डुलकी लागली होती. पाली ग्रंथात बुद्धांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले आहेत. झोप आणणारा विचार सोडून दे. ऐकलेला उपदेश आठव. तेवढ्याने भागले नाही तर कान ओढ, हातपाय चोळ. ऊठ, डोळ्यांना पाणी लाव आणि आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ. उजेडाची कल्पना कर. येरझाऱ्या घाल. आणि एवढे करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर नीज. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला अगदी शेतकऱ्याला शोभणारा आहे. शरीराला झोपच हवी असेल तर तिच्याशी भांडू नये. रात्रपाळीचे पाणी असेल त्या दिवशी पहाटे बसण्याचा हट्ट धरू नये.

३. पाय दुखतात, मुंग्या येतात

मुंग्या येणे हे बहुतेक दाबून बसल्यामुळे असते; पाय मोकळा केला की जाते. दुखू लागल्यावर लगेच हलू नये. दुखणे नेमके कुठे आहे, वाढते की कमी होते, ते दहा-वीस श्वास बघावे. पुष्कळदा दुखणे थोडे आणि 'आता काय होईल' ही धास्ती जास्त असते. तरी राहवले नाही तर सावकाश, लक्ष ठेवून पाय बदलावा. गुडघ्यात चमक मारत असेल किंवा उठल्यावरही बधिरपणा जात नसेल तर मांडी सोडून खुर्ची घ्यावी. गुडघे घालवून ध्यान करायचे नसते.

४. छाती आवळल्यासारखी होते

नवीन माणूस श्वास बघता बघता तो ओढायला लागतो. मग छाती भरून येते, डोके जड होते. असे झाले की डोळे उघडावेत, दोन-चार श्वास नेहमीसारखे जाऊ द्यावेत, आणि पुन्हा सैल बसावे. सोण नावाच्या भिक्षूने इतका जोर लावला की चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तो पूर्वी वीणा वाजवणारा. बुद्धांनी त्याला विचारले की तार फार ताणली तर सूर निघतो का? फार ढिली सोडली तर? जोर लावायचाही बेताने, हा त्यातला धडा. मात्र ध्यानाला बसलेले नसतानाही छातीत कळ येत असेल, दम लागत असेल, तर तो ध्यानाचा विषय नव्हे. सरळ दवाखाना गाठावा.

५. राग, रडू, जुन्या आठवणी

शांत बसल्यावर पूर्वीचे वर येते. मला चौथ्या दिवशी वडील आठवले आणि हुंदका आवरेना. वडील जाऊन वीस वर्षे झाली होती. असे झाले तर घाबरू नये. आठवणीतली गोष्ट पुढे वाढवत न नेता ती अंगात कुठे जाणवते ते बघावे. राग आला तर कानशिले तापतात, श्वास आखूड होतो, मुठी वळतात. हे दिसायला लागले की राग आपोआप जातो असे मी म्हणणार नाही. पण तो आला आहे एवढे लवकर कळते, आणि माझ्या मते तेच मोठे उत्पन्न आहे.

६. उजेड दिसतो, अंग हलके होते

काहींना मिटल्या डोळ्यांपुढे उजेड दिसतो, अंगावर लहरी येतात, हात मोठे झाल्यासारखे वाटतात. कोणी म्हणते साक्षात्कार झाला, कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली. दोन्ही धरू नये. बुद्धघोषाचार्यांच्या 'विशुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात साधकाला वाटेत अडकवणाऱ्या दहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पहिलीच गोष्ट उजेड ही आहे. दिसले, गेले, म्हणावे आणि श्वासावर यावे. काल छान वाटले म्हणून आज तसेच वाटावे असा हट्ट धरला की आजचे बसणे फुकट जाते.

७. याने काय होणार, ही शंका

महिनाभर बसूनही कर्ज फिटले नाही, तोड लवकर आली नाही, मग उपयोग काय? उसाचा दर ध्यानाने वाढत नाही, हे आधीच सांगतो. लागण केल्यावर आठव्या दिवशी कांडी उकरून कोंब बघणाऱ्याच्या हाती काय लागते ते आपण जाणतो. तीन महिने न मोजता बसावे, मग काय ते ठरवावे.

जुन्यांनी केलेली यादी

या अडचणी आजच्या नाहीत. योगसूत्रांत पतंजलींनी चित्ताला विचलित करणारे नऊ अडथळे सांगितले. त्यांत रोग आहे, शंका आहे, आळसही आहे. बुद्धांनी पाच सांगितले आणि त्यांना 'नीवरण', म्हणजे आडवे येणारे, असे नाव दिले : हाव, द्वेष, सुस्ती, तगमग आणि शंका. 'दीघनिकाया'त यांना दिलेल्या उपमा आपल्याला चटकन पटतील. हाव सुटणे म्हणजे कर्ज फिटणे. द्वेष जाणे म्हणजे आजारातून उठणे. सुस्ती जाणे म्हणजे तुरुंगातून सुटणे. तगमग थांबणे म्हणजे गुलामगिरी संपणे. शंका मिटणे म्हणजे धोक्याचे रान ओलांडून सुखरूप घरी येणे. कर्ज फिटल्यावर माणूस कसा मोकळा श्वास घेतो, हे आपल्याशिवाय कोणाला जास्त कळणार? मूळचे गोव्याचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे 'समाधिमार्ग' हे मराठी पुस्तक मिळाले तर वाचनाची आवड असणाऱ्यांनी अवश्य वाचावे.

कधी थांबावे?

हा भाग लक्षपूर्वक वाचावा. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या ध्यान सुरू केले म्हणून बंद करू नयेत. पूर्वी मानसिक आजार झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नये, आणि शिबिराच्या अर्जात ही माहिती लपवू नये. बसल्यामुळे भीती वाढत असेल, सलग काही रात्री झोप येत नसेल, कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, तर बसणे थांबवावे आणि डॉक्टरांकडे जावे.

आणि जगणे नकोसे वाटत असेल तर एकट्याने डोळे मिटून बसू नये. तो विचार घरच्या माणसाला, मित्राला बोलून दाखवावा. सरकारने २०२२ साली 'टेलिमानस' ही मोफत सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो. फोन करण्यात कमीपणा नाही. जनावर आजारी पडल्यावर आपण डॉक्टरला बोलावतो, मग स्वतःसाठी का नको?

शेवटी

शिबिराहून आल्यावर मी दोन महिने नेमाने बसलो. हंगाम सुरू झाला आणि सुटले. तीन महिने बसलोच नाही. लाज वाटून आणखी लांबले. मग एका पहाटे लाइटीची वाट बघत बांधावरच दहा मिनिटे बसलो आणि पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून कितीदा सुटले आणि कितीदा धरले याचा हिशेब ठेवलेला नाही. तुमचेही सुटेल. सुटल्याचे कळले की त्याच दिवशी बसावे.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाळीवरून भावाशी पुन्हा शब्दाला शब्द लागला. खोरे हातातच होते. पण या वेळी कान तापल्याचे मला कळले. श्वास वर चढल्याचे कळले. मी खोरे खाली ठेवले आणि "उद्या बोलू" म्हणून बांधावर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पाळीचे वार वहीत लिहिले. सगळे वाद मिटले असे नाही. पण वहीप्रमाणे पाणी चालते, आणि दिवाळीला भाऊ फराळाला घरी आला.

ज्यांना बसायचे आहे त्यांनी उद्या पहाटेच पंधरा मिनिटे काढावीत. काही अडले तर गट ऑफिसात चिठ्ठी द्यावी; पुढच्या अंकात जमेल तसे उत्तर देईन.

— एक सभासद