माठ, बरणी आणि कुंभाराची प्रतिभा
(बी. ए. द्वितीय वर्ष)

कलेचे ‘ललित’ आणि ‘उपयुक्त’ असे दोन भाग करण्याची आपल्याकडे रीत आहे. चित्र ललित, मडके उपयुक्त. उपयुक्त वस्तू घडविणारा तो केवळ कारागीर, त्याला प्रतिभेची गरज नाही, असा समज त्यातून रूढ होतो. तो कितपत खरा आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

माठाचेच उदाहरण घेऊ. चाकावर पूर्ण माठ तयार होत नाही. तयार होतो तो जाड भिंतीचा कच्चा घाट. तो थोडा सुकला की आतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकीत ठोकीत त्याचे पोट वाढवितात. भिंत किती पातळ झाली हे डोळ्यांना दिसत नाही. ते हाताला आणि कानाला कळते. गोरोबाकाकांनी थापटण्यानेच संतांची डोकी पारखली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती कुंभाराच्या रोजच्या अनुभवातूनच आली असावी.

माठाच्या मातीत लीद मिसळतात. ती आव्यात जळून जाते व बारीक छिद्रे उरतात. त्यांतून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि आतले गार होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा याची किंमत कळते. लोणच्याची बरणी मात्र पाझरता कामा नये. तिला झिलई हवी आणि सुमारे १२०० अंशांची आच हवी. गावच्या उघड्या आव्यात एवढी आच मिळत नाही. म्हणजे पाझरणे हा माठाचा गुण, तोच बरणीचा दोष. कोणत्या कामाला कोणती माती, कोणता घाट आणि किती आच, हा निर्णय म्हणजेच कुंभाराची प्रतिभा होय.

हे ओळखणारी माणसे आपल्याच भागात होऊन गेली. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली भद्रावतीला ग्रामोदय संघ स्थापन करून कुंभारकामाला नवे तंत्र दिले. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. चित्रकार असूनही ते स्वतः चाकावर बसले.

शेवटी एक कबुली. गेल्या वर्षी प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘मजुरी’ असे लिहिले होते. घरात तीन पिढ्यांचे चाक असताना! यंदा मी ‘कुंभारकाम’ असे लिहिले आहे.