मोटारीच्या श्वासाचें उष्णतामान

आपल्या जिल्ह्यांतील कास्तकारांच्या दारांत आतां बैलजोडीशेजारीं मोटारही दिसूं लागली आहे. घरांतील तरुण मंडळी जुनी मोटार घेऊन तिला टर्बो बसविणें, तिच्या संगणकाचीं कोष्टकें बदलणें अशा उद्योगांत रमलेली आढळतात. छत्रपती संभाजीनगराजवळ शेंद्रा येथें 2001 सालापासून स्कोडा मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. त्यामुळें टर्बोची गाडी इकडे अपरिचित राहिली नाहीं. हा छंद बरा कीं वाईट, हा वाद येथें करावयाचा नाहीं. परंतु ज्या घरानें त्यावर पैसा घातला, पण इंजिनांत शिरणाऱ्या हवेचें उष्णतामान मोजण्याची सोय केली नाहीं, त्या घरावर वैशाखांत एखाद्या चढावर सबंध इंजिन गमावण्याचा प्रसंग येऊं शकतो.

पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनानें सुमारें पावणेपंधरा भाग हवा लागते. हवा तापली म्हणजे विरळ होते. समुद्रसपाटीस 15 अंश सेल्सिअसवर एक घनमीटर हवा सुमारें 1.22 किलो भरते. तीच 45 अंशांवर 1.11 किलोच भरते. माप तेंच, पण वजनांत शेंकडा नऊंची तूट. पायलीनें मोजलेलें व कांट्यावर तोललेलें धान्य यांतील फरक ज्यास कळतो, त्यास हें अधिक फोडून सांगावयास नको.

टर्बो ही तूट दाबानें भरून काढतो. पण दाबतां दाबतां हवेस तापवितोही. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, तोच हा प्रकार. बाहेर 40 अंश असतां हवा दीडपट दाबली, तर ती टर्बोंतून सुमारें 90 अंशांवर तापून निघते. पुढें इंटरकूलर तिला निववितो खरा, परंतु बाहेरच्या वाऱ्यावर चालणारा इंटरकूलर तिला त्या वाऱ्याहून थंड करूं शकत नाहीं. पेट्रोल इंजिनांत अशी तप्त हवा गेली कीं ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें, ठोके पडतात, आणि दुर्लक्ष झाल्यास पिस्टनचा माथा वितळतो. डिझेल इंजिनांत हें भय तसें नाहीं. तेथें हवा अपुरी पडून काळा धूर निघतो व धुराड्याकडील उष्णता वाढते. सेन्सराकडून वर्दी मिळाली म्हणजे पेट्रोल गाडीचा संगणक इंधन हवेच्या वजनाप्रमाणें सोडतो व ठिणगी किंचित् उशिरां पाडतो.

हा सेन्सर म्हणजे दोन तारांचा लहानसा थर्मिस्टर होय. तो जसजसा तापतो, तसतसा त्याचा विद्युतरोध घटतो. पुष्कळ ठिकाणीं आढळणाऱ्या एका जातीचा रोध 20 अंशांवर सुमारें 2500 ओहम व 80 अंशांवर सव्वातीनशेंच्या आसपास असतो. सर्व जाती सारख्या नसतात. म्हणून खरेदीच्या वेळींच त्याचें कोष्टक मागून घ्यावें व तेंच संगणकांत भरावें. बसविण्यापूर्वीं सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवींत घालून आधीं थंड, मग ऊन पाण्यांत धरावा, आणि मल्टिमीटरचा आंकडा कोष्टकाशीं ताडून पाहावा. दुकानदाराच्या शब्दापेक्षां ही परीक्षा स्वस्त.

खरा प्रश्न जागेचा आहे. टर्बोच्या अलीकडे बसविला तर टर्बोनें घातलेली उष्णता कळणारच नाहीं. मॅनिफोल्डच्या धातूंत खोंचला तर तो हवेऐवजीं धातूचीच हकीकत सांगेल. उन्हांत उभी केलेली गाडी पुन्हां सुरू करतांना तर हटकून. इंटरकूलरच्या पुढें व थ्रॉटलच्या आधीं जी थंड बाजूची नळी, तीच योग्य. पितळी बंद कवचाचा सेन्सर सावकाश जागा होतो; टर्बोच्या गाडीस प्लास्टिकच्या जाळींतील उघड्या दाण्याचा घ्यावा.

भोंक पाडावयाचें तें नळी गाडीवरून उतरवूनच. धातूचा कीस इंजिनांत गेल्यास सर्वच श्रम वायां जातील. अल्युमिनियमच्या नळीस अल्युमिनियमचीच, आटे पाडलेली बुश वेल्ड करून घ्यावी. सेन्सर प्रथम हातानें फिरवावा, मग बेतानें आवळावा. दाणा वाहत्या हवेंत पोंचला पाहिजे. दोन तारांत उलट-सुलट असा भेद नाहीं. मात्र दुसरी तार गाडीच्या सांगाड्यास न जोडतां संगणकाच्या सेन्सरासाठीं राखलेल्या अर्थवरच न्यावी, नाहीं तर पंखा चालू होतांच आंकडा डोलूं लागतो.

तार तुटली तर काय होतें, हें बहुतेक कारागीर सांगत नाहींत. रोध अनंत होतो, संगणकास शून्याखालीं 40 अंशांची थंडी भासते, व तो नेमका उलटा कारभार करतो. कारखान्याचा संगणक असला आंकडा बहुधा नाकारतो. निराळा संगणक घातला असेल तर ही मर्यादा आपणच ठरवून द्यावी लागते.

सकाळीं थंड गाडीचा आंकडा बाहेरच्या थर्मामीटराशीं जुळावा. मग कन्नडच्या घाटासारख्या चढावर सोबत्यानें तो वाचावा, चालकानें नव्हे. आंकडा चढतच राहिला तर दाब कमी करावा.

आतां कायद्याविषयीं. सेन्सरानें नोंदणींतील तपशील बदलत नाहीं. परंतु तो तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार करण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें कलम 52 मनाई करतें, आणि 2019 च्या दुरुस्तीनें मालकास दर फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली आहे. इंजिनास हात लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करून उत्तराची प्रत गाडीच्या कागदांत ठेवावी.