घर घेताना, घर विकताना : दलाल कसा निवडावा?

भंडारा जिल्ह्यातील आपल्या समाजात नोकरदारांची पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. जवाहरनगरची आयुध निर्माणी, रेल्वे, शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या येथे हयात घालवून हाती आलेला भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी बहुधा घर किंवा प्लॉट घेण्यातच जाते. 22 एप्रिल 1988 रोजी गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्यानंतर बुडीत क्षेत्रातील अनेक कुटुंबांनाही मोबदल्याच्या रकमेतून नवे घर उभारावे लागले. असा पैसा जन्मात एकदाच हाती येतो. तो बुडाला तर पुन्हा कमावण्याचे वय उरलेले नसते. म्हणूनच हा विषय आम्ही अभ्यासासाठी घेतला आहे.

दलालाचा लाभ कशात?

दलाल हा मालक नव्हे आणि वकीलही नव्हे. सौदा जुळला तरच त्याला मोबदला मिळतो. दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही. तो बोलणीने ठरतो. समजा, आपण 20 लाखांचे घर विकावयास काढले व दलाली 1 टक्का ठरली. घर 19 लाखांत गेले तर आपले 1 लाख रुपये कमी होतात, दलालाचे मात्र फक्त 1 हजार. तेव्हा "एवढ्यात देऊन टाका" असा सल्ला देण्यात त्याचे फारसे नुकसान नसते. यात तो वाईट माणूस ठरतो असे नाही. परंतु त्याचा लाभ आणि आपला लाभ एकच नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तो दोन्ही बाजूंकडून दलाली घेणार आहे काय, हेही आधीच विचारावे. दर, तो केव्हा द्यायचा आणि सौदा मोडल्यास काय, हे कागदावर लिहून घ्यावे.

कायदा काय सांगतो?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम 2016 मध्ये झाला. 2017 पासून महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी 'महारेरा' करते. नोंदणीकृत प्रकल्पातील फ्लॅट वा प्लॉट विकणाऱ्या दलालाने महारेराकडे नोंदणी केलीच पाहिजे. नोंदणी नसलेला दलाल असे व्यवहार करीत असेल, तर त्याला दररोज 10 हजार रुपयांप्रमाणे दंड होऊ शकतो. 1 जानेवारी 2024 पासून दलालाला प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणे व सक्षमता प्रमाणपत्र मिळविणेही आवश्यक झाले आहे. नोंदणी क्रमांक मागावा आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. तसेच, नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

मात्र जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेथे हे संरक्षण सहसा लागू नसते. आपल्या गावा-शहरांतील बरेच व्यवहार याच प्रकारचे असतात. तेथे कागद तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी आपलीच.

कागद दाखविणारा दलाल निवडा

चांगला दलाल घर दाखविण्याआधी कागद दाखवितो. त्याच्याकडे पुढील गोष्टी मागाव्यात :

1. चालू सातबारा किंवा शहरातील जागेची आखीव पत्रिका. त्यावरील नाव आणि विकणाऱ्याचे नाव एकच आहे काय?
2. ले-आऊटमधील प्लॉट असल्यास अकृषक आदेश व मंजूर नकाशा. "एन. ए. होणारच आहे" हे उत्तर पुरेसे नाही.
3. जमीन नझूलची किंवा भोगवटादार वर्ग 2 ची असल्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी. पुनर्वसनात मिळालेल्या भूखंडाच्या अटीही वाचाव्यात.
4. मागील व्यवहारांची सूची क्रमांक 2. ती दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते.
5. वारसांची संमती. भावाची सही आहे, पण बहिणीची नाही, अशा घरातून पुढे खटले उभे राहतात.

"रजिस्ट्री नंतर करू, तूर्त स्टॅम्पपेपरवर इसारपत्र करून घेऊ" असे म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार केवळ विक्रीच्या कराराने मालकी मिळत नाही. इसाराची रक्कम बँकेतूनच द्यावी. घरजमिनीच्या व्यवहारात 20 हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी आहे. शिवाय बँकेतील नोंद हाच आपला पुरावा. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास राज्यात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. ही गोष्ट दलालाने आपणहून सांगितली तर तो आपल्या कामाचा जाणकार समजावा.

आडनावाचा प्रश्न

काही दलाल बजेट विचारण्याआधी आडनाव विचारतात. मग विशिष्ट मोहल्ल्यातीलच घरे दाखवितात. दुसरीकडचे घर "नुकतेच गेले" असे सांगतात. हा अनुभव आपल्यातील अनेकांना नवा नाही. आमचे म्हणणे असे की, पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलावे : "आमच्या रकमेत बसणारी सगळी घरे दाखवा, कोठे राहायचे ते आम्ही ठरवू." जो येथे चाचरतो, त्याला दलाली देण्याचे कारण नाही. गावात दुसरा दलाल असतोच. दोघा-तिघांना भेटल्याशिवाय कोणालाही शब्द देऊ नये.

मदत कोठे मिळेल?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सेवा मिळते. तीत कायदेशीर सल्लाही येतो. भंडाऱ्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. इसार देण्याआधी तेथे जावे. पैसे अडकल्यावर जाणे महागात पडते.

विद्यार्थ्यांना आमचे विशेष सांगणे आहे. आई-वडिलांनी कष्टाने पैसा जमविला, पण सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना वाचावयास त्यांना कोणी शिकविले नाही. त्यात बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, न्यायालयाचा दावा यांच्या नोंदी असतात. सातबारा आज मोबाईलवर निघतो. तुमच्या घरी व्यवहाराची बोलणी सुरू झाली की तो उतारा काढा, मोठ्याने वाचून दाखवा आणि जो शब्द कळणार नाही तो पटवाऱ्याला विचारून या. इसार त्यानंतरच द्यावा.